परक्याला विचारायचा पहिला प्रश्न



रविवारच्या या पानावर मी एरवी तुम्हांला काहीतरी सांगत असतो. आज आधी माझी एक चूक कबूल करायची आहे आणि मग तिच्यातून सुचलेला एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवायचा आहे.

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळची मिस्सा संपली होती. तुम्ही बरेच जण अंगणात बोलत उभे होता. फाटकाजवळ एक तरुण जोडपे उभे होते. बाईच्या कडेवर चार-पाच महिन्यांचे बाळ होते. कोणाशी बोलावे हे त्यांना कळत नव्हते आणि त्यांच्याशी कोणी बोलत नव्हते. शेवटी तो तरुण माझ्याकडे आला. तो झारखंडचा, पिरंगुटच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता. हिंदीत म्हणाला, "फादर, बच्चे का बाप्तिस्मा करवाना है." मला पुढच्या मिस्सेसाठी दुसऱ्या गावी जायचे होते. गाडी सुरू होती. मी विचारले, "तुमच्या धर्मगुरूंचं पत्र आणलंय का? लग्नाचा दाखला?" तो म्हणाला, "अगली बार लाऊँगा." मी म्हणालो, "ठीक आहे, पत्र घेऊन या." एवढे बोलून मी निघालो.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. तिसऱ्या रविवारी मला त्याचा चेहरा आठवत राहिला. माझी मागणी चुकीची होती का? नव्हती. बाप्तिस्म्याची नोंद ही गंभीर गोष्ट आहे. ती कुठेही, कशीही करता येत नाही. मग मला टोचत काय होते? मी त्यांना काय विचारले ते नव्हे, काय विचारले नाही ते टोचत होते. तुम्ही कुठे राहता, बाळाचे नाव काय, सकाळपासून काही खाल्ले का, यांतले एकही वाक्य माझ्या तोंडून निघाले नव्हते. पिरंगुटच्या माणसाला इथे पोहोचायला रविवारी सकाळी किती वाट पाहावी लागते, हे मला माहीत आहे.

आणि त्या रात्री मला एक दुसरा माणूस आठवला. त्याने मला यांतले नेमके एक वाक्य विचारले होते.

२०१४ सालच्या उन्हाळ्यात मी तीन महिने जर्मनीत होतो. तिकडचे धर्मगुरू सुट्टीवर गेले की त्यांच्या जागी आपल्याकडचे धर्मगुरू मदतीला जातात, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. मला बव्हेरियातले एक लहान गाव मिळाले होते. लोक नीटनेटके, वक्तशीर, मिस्सेनंतर हात मिळवणारे. पण हात मिळवून झाला की प्रत्येक जण आपापल्या घरी जाई आणि मी एकटा धर्मगुरूंच्या मोठ्या घरात परत येई. त्या जुलै महिन्यात जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला होता. घराघरांवर झेंडे होते. सगळा गाव 'आपण जिंकलो' म्हणत होता आणि त्या 'आपण'मध्ये मी नव्हतो. कोणी मला वाईट वागवले नाही. पण कोणी वाईट वागवत नाही, एवढ्याने माणसाला घर मिळत नाही, हे मी तिथे शिकलो.

एका संध्याकाळी मी जवळच्या शहरात गेलो आणि परतीची शेवटची बस चुकली. पाऊस पडत होता. माझे जर्मन मोडके. मी अंगात साधा शर्ट घातलेला, धर्मगुरूचा पोशाख नव्हता. बसथांब्यासमोर एक तुर्की माणसाचे खाण्याचे दुकान होते. तो दुकान बंद करत होता. त्याने मला थांब्यावर उभे पाहिले, हाताने खूण करून आत बोलावले आणि पहिला प्रश्न विचारला, "काही खाल्लंस का?"

मी काही बोलायच्या आत त्याने मसुरीच्या डाळीचे गरम सूप समोर ठेवले. लिंबाची फोड आणि पाव. बहिणींनो, खरे सांगतो, दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा मला आमटीची चव लागली. मग लहान काचेच्या पेल्यात काळा चहा. पैसे द्यायला गेलो तर त्याने माझा हात मागे सारला. नंतर आपल्या गाडीतून चौदा-पंधरा किलोमीटर मला गावात सोडले. वाटेत कळले की त्याचे वडील मजूर म्हणून जर्मनीत आले होते. १९६१ साली जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला होता. त्या कामगारांना जर्मन भाषेत जो शब्द रूढ झाला त्याचा सरळ अर्थ 'पाहुणे कामगार' असा आहे. म्हणजे नाव पाहुण्याचे आणि अपेक्षा अशी की काम संपले की यांनी निघून जावे. त्या 'पाहुण्या'चा मुलगा आता मला पाहुणा म्हणून जेवू घालत होता.

गाडी चर्चच्या दाराशी थांबली तेव्हा त्याने विचारले, "तू इथे काम करतोस?" मी म्हणालो, "मी इथला पाद्री आहे, तीन महिन्यांपुरता." तो हसला. स्वतः मुसलमान होता. म्हणाला, "मला वाटलं, बस चुकलेला माणूस आहे."

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. त्याने धर्मगुरूला जेवू घातले नव्हते, भारतीयाला नव्हते, ख्रिस्ती माणसाला नव्हते. बस चुकलेल्या माणसाला जेवू घातले होते.

आता प्रश्न असा की त्याने जे केले ते त्याचे कर्तव्य होते का? त्याने मला आत बोलावले नसते तर मी त्याला दोष देऊ शकलो असतो का?

त्याच जर्मन भाषेत लिहिणाऱ्या इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाने १७९५ साली जगात कायमची शांतता कशी नांदेल यावर एक लहान ग्रंथ लिहिला. सेमिनरीत आम्ही तो अभ्यासला होता. कांट म्हणतो, परका माणूस दुसऱ्याच्या भूमीवर आला एवढ्याच कारणाने त्याला शत्रू मानता येणार नाही. हा त्याचा हक्क आहे, कोणी केलेली दया नव्हे. त्याचे कारणही तो मोठे सुंदर देतो. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे. माणसे एकमेकांपासून अनंत दूर पळू शकत नाहीत. आज ना उद्या एकमेकांच्या दारात येणारच. आणि मुळात पृथ्वीच्या एखाद्या तुकड्यावर कोणाचाही दुसऱ्यापेक्षा अधिक हक्क नव्हता. पण कांट तिथेच थांबतो. येण्याचा हक्क आहे, पण पाहुणा म्हणून घरात ठेवून घेतले जाण्याचा हक्क नाही. त्यासाठी वेगळा करार हवा.

कांटचा हिशेब लावला तर त्या तुर्की माणसाने मला हाकलून न देणे एवढेच त्याच्यावर बंधनकारक होते. सूप हिशेबाबाहेरचे. त्या गावच्या लोकांनीही कांटने सांगितलेले सगळे पाळले होते. मला कोणी शत्रू मानले नाही. तरीही मी एकटा होतो. याचा अर्थ माणसाला जगायला हक्कांपेक्षा काहीतरी अधिक लागते आणि ते अधिक मागता येत नाही, ते फक्त मिळू शकते. हीच त्यातली अडचण आहे.

अॅरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली आणि एकमेकांचा चांगुलपणा ओळखून केलेली. तिसरी खरी, पण तिला वेळ लागतो. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, अशी त्याच्या काळच्या ग्रीक लोकांची म्हण होती, ती तो तिथे सांगतो. आपणही खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतोच. मग ज्याच्याबरोबर मी एकदाच मीठ खाल्ले तो माझा कोण? पण हाच अॅरिस्टॉटल मैत्रीची चर्चा सुरू करताना आणखी एक गोष्ट सांगून जातो: प्रवासात माणसाच्या लक्षात येते की प्रत्येक माणूस दुसऱ्या माणसाला किती जवळचा आहे. घरी राहून हे कळत नाही. घरी आपल्याला आपली माणसे असतात, म्हणून परक्याची गरज पडत नाही. बस चुकावी लागते.

आता मी तुम्हांला माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रवाशाची गोष्ट सांगतो. तुम्ही ती शाळेत वाचली असेल, पण तिच्यातली एक बाजू आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्षपूर्वक वाचायला हवी.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही जखम घेऊन त्या मुलीने डॉक्टर व्हायचे ठरवले. त्या काळात आपल्या देशातली बाई पुरुष डॉक्टरला दुखणे सांगायला लाजत असे आणि बाई डॉक्टर जवळजवळ नव्हतीच.

पत्नीने अमेरिकेत शिकावे म्हणून गोपाळराव खटपट करत होते. कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. तो पत्रव्यवहार रॉयल वाइल्डर यांच्यापर्यंत गेला. वाइल्डर यांनी पूर्वी कोल्हापुरात मिशनकार्य केले होते आणि आता ते अमेरिकेत मिशनविषयक नियतकालिक चालवत होते. त्यांचे उत्तर थोडक्यात असे होते की तुम्ही ख्रिस्ती झालात तर मदतीची वाट मोकळी होईल. हा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या नियतकालिकात छापला.

आता पाहा देवाची करणी. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एक बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो जुना अंक त्यांनी सहज चाळायला घेतला. ती पत्रे वाचली. आणि त्यांनी हिंदुस्थानातल्या त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. मदत करू का, असे विचारणारे. कोणतीही अट न घालणारे.

एकच पान दोन ख्रिस्ती माणसांपुढे होते. एकाने त्या पानात संभाव्य ख्रिस्ती कुटुंब पाहिले. दुसरीने शिकू इच्छिणारी मुलगी पाहिली.

त्यानंतर पत्रे सुरू झाली आणि जवळजवळ तीन वर्षे चालली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांनीच उभारलेल्या संस्थेत, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या या मुलीने उभे राहून आपण अमेरिकेला का जात आहोत हे सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने जाहीर केले. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून जहाजात बसली. नवरा बरोबर नव्हता. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली तेव्हा न्यायला कार्पेंटर मावशी आल्या होत्या. एकमेकींना प्रथमच पाहत होत्या आणि अनोळखी मात्र नव्हत्या.

रोझेलच्या त्या घरात आनंदीबाई राहिल्या. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. मावशींनी सोडायला सांगितले नाही. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण पूर्ण केले. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना आधार दिला. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला ज्यांचे मुक्ती मिशन उभे राहिले त्याच या रमाबाई. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. एक ख्रिस्ती झालेली, एक हिंदू राहिलेली. दोघी त्या दिवशी एकाच सभागृहात होत्या. मला हे चित्र फार मोलाचे वाटते.

पण या गोष्टीचा शेवट गोड नाही आणि तो गोड करून सांगणे बरोबर नाही. थंडीने आणि क्षयाने आनंदीबाईंची प्रकृती खालावली. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केलेली होती. ती त्यांना घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचे निधन झाले. वय पुरते बावीसही नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. ज्या देशात ती परकी म्हणून उतरली, तिथे ती शेवटी एका कुटुंबाची म्हणून विसावली. नाव बदलून नव्हे, धर्म बदलून नव्हे. आहे तशी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाइल्डर यांची अट चुकीची का होती? आपण त्यांच्यावर अन्याय करू नये. त्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे कोल्हापुरात घालवली होती. प्रभू येशू हाच माणसाचा खरा लाभ आहे, असे तो मनापासून मानत होता. तसे तर मीही मानतो. मग जे सर्वांत मोलाचे आहे तेच आधी द्यावे, यात काय चुकले?

माझ्या मते दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे अट आली की देणे संपते आणि सौदा सुरू होतो. बाजारात सौदा वाईट नसतो. पण गरजवंताबरोबर केलेला सौदा बरोबरीचा नसतो. त्याला नाही म्हणणे परवडत नाही. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. या सौद्यात श्रद्धेचीच किंमत कमी होते. जहाजाचे भाडे म्हणून स्वीकारलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी जे घोषणापत्र दिले त्यात हेच स्पष्ट केले आहे: विश्वास हा स्वेच्छेनेच ठेवता येतो. आणि गरीब किंवा अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर दडपणाचा वा अयोग्य प्रलोभनाचा वाससुद्धा आपल्या कार्याला लागता कामा नये. वाइल्डर यांच्या पत्रानंतर सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी ख्रिस्तसभेने जे शब्दांत मांडले ते कार्पेंटर मावशींनी दातांच्या दवाखान्यात बसल्या बसल्या ओळखले होते.

तुमच्यापैकी कोणी विचारील, "फादर, बोलायला हे ठीक आहे. पण कोणालाही न विचारता दार उघडायचं का? भाडेकरूची नोंद पोलिसांत द्यावी लागते. कोण कुठला, काय करून आला, काय माहीत?" हा प्रश्न रास्त आहे. मी स्वतः आजही बाप्तिस्म्यासाठी पत्र मागतो आणि मागत राहीन. नियम दुष्ट नसतात. कित्येकदा ते दुबळ्याचेच रक्षण करतात. माझे म्हणणे नियम मोडा असे नाही. प्रश्नांच्या क्रमाविषयी आहे. 'कोण तू?' हा प्रश्न कधीतरी विचारावाच लागतो. पण तो पहिला विचारला की समोरचा माणूस आरोपी होतो. आधी 'जेवलास का?' विचारले आणि मग 'कुठला तू?' म्हटले, तर तोच प्रश्न ओळख करून घेण्याचा होतो. शब्द तेच, अर्थ वेगळा.

दुसरी शंका मला स्वतःलाच येते. आनंदीबाई असामान्य होत्या. त्यांच्यावर माया करणे सोपे नसेल कशावरून? सामान्य, चिडका, घाम येणारा, भाषा न येणारा परका समोर आला तर काय? याला माझ्यापाशी एकच उत्तर आहे. दातांच्या दवाखान्यात बसलेल्या बाईला आनंदीबाई असामान्य आहेत हे माहीत नव्हते. त्या पुढे कोण होणार हेही माहीत नव्हते. आणि त्या तुर्की माणसाला मी कोणीच असामान्य दिसत नव्हतो. भिजलेला दिसत होतो.

तिसरी गोष्ट त्या मृत्यूने शिकवली आहे. मावशींची माया आनंदीबाईंना वाचवू शकली नाही. प्रेमाने क्षय बरा होत नाही. परक्याला आपुलकी द्या, पण त्याच्या खोलीतल्या थंडीकडे, पगाराकडे, औषधाकडेही पाहा. फक्त गोड बोलणारा पाहुणचार अपुरा असतो.

आता आपल्या मुळशीकडे या. आपल्याकडे गावातले म्हातारे रस्त्यात दिसलेल्या अनोळखी माणसाला काय हाक मारतात? "काय पाव्हणं, कुठलं गाव?" ओळख नाही, पाळख नाही, पण शब्द पाहुण्याचा. आणि संस्कृतातून आलेला 'अतिथी' शब्द परंपरेने असा सोडवतात की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. बोलावलेल्या माणसाला जेवू घालणे हे स्नेहभोजन. न बोलावता आलेल्याला जेवू घालणे हा अतिथिधर्म. आपल्या भाषेत हे शहाणपण आधीपासून आहे. आपण ते फक्त बोलण्यापुरते ठेवले आहे का?

या तालुक्याला तरी परकेपण नवे नाही. १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला. धरण झालेच. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. स्वतःच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या पाटील असलेला माणूस दुसऱ्याच्या गावात जाऊन उपरा झाला. आजही धरणाकाठच्या घरांत ती गोष्ट सांगितली जाते. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा याच रस्त्यांनी परप्रांतीय मजूर डोक्यावर बोजे घेऊन चालत निघाल्याचे तुम्ही पाहिले आहे. तेव्हा तुमच्यापैकी काहींनी त्यांना भाकरी बांधून दिल्या. मला ते आठवते. तेव्हा कोणी त्यांच्याकडे पत्र मागितले नव्हते.

आज हिंजवडीच्या इमारती, पिरंगुट-उरवड्याचे कारखाने, लवळ्याकडची बांधकामे यांत काम करणारे किती जण झारखंड, ओडिशा, बिहारहून आलेले आहेत. आपल्या या चर्चमध्येसुद्धा नगरकडचे, मराठवाड्यातले, वसईचे, गोव्याचे, केरळचे लोक आहेत. खरे पाहता आपण सगळेच इथे कधीतरी बस चुकलेले आहोत. जो आधी आला तो यजमान झाला, एवढेच.

प्रभू येशूने न्यायाच्या दिवसाविषयी जे सांगितले ते मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. त्यात परक्याला घरात घेणाऱ्यांची गोष्ट आहे. त्यातली मला नेहमी आश्चर्याची वाटणारी गोष्ट ही की त्या चांगल्या लोकांना आपण प्रभूला घरात घेतले हे माहीतच नव्हते. ते चकित होऊन विचारतात, हे आम्ही केव्हा केले? त्यांना बस चुकलेला माणूस दिसला होता, एवढेच.

आता माझ्या गोष्टीचा शेवट. तिसऱ्या रविवारनंतर मी पिरंगुटला गेलो. कारखान्यांमागच्या चाळींतून विचारत फिरलो. खोली सापडली, पण कुलूप होते. ठेकेदाराचे काम संपले होते आणि ती दोघे बाळाला घेऊन चाकणकडे गेली, असे कळले. फोन नंबर कोणाकडे नव्हता. मी परत फिरत होतो तेवढ्यात शेजारच्या खोलीतली बिहारची बाई बाहेर आली. मी कोण, कशाला आलो, तिला काही माहीत नव्हते. दुपारचे दोन वाजले होते. म्हणाली, "भैया, धूप में कब से घूम रहे हो, कुछ खाया?"

मी तिच्या उंबऱ्यावर बसून चहा घेतला. दुसऱ्यांदा मला तोच प्रश्न विचारला गेला होता आणि ज्याने तो विचारायला हवा होता तो मी होतो.

म्हणून तुम्हांला माझी विनंती आहे. पुढच्या रविवारपासून मिस्सेनंतर अंगणात चहा असेल. महिला मंडळाने तयारी दाखवली आहे. फाटकाजवळ अनोळखी कोणी उभे दिसले तर त्यांना माझ्याकडे पाठवू नका. तुम्हीच जवळ जा, कप हातात द्या आणि बाळाचे नाव विचारा. पत्राचे मी नंतर पाहीन. आणि चाकणकडे तुमच्या कोणाच्या ओळखीत झारखंडचे, लहान बाळ असलेले असे जोडपे आले असेल तर मला कळवा. त्यांना सांगा, फादरने बोलावले आहे. पत्र नसले तरी या.

प्रभूमध्ये तुमचा,
फादर